टॅकोमीटरचा काटा थरथरतोय? आधी केबल बघ

भावा, टॅकोमीटर म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर, तो लगेच खोलू नकोस. दोष बहुधा इंजिनचे फेरे मीटरपर्यंत नेणाऱ्या केबलमध्येच असतो. इंजिन बंद करून मीटरमागचा केबलचा नट सोडव, केबलच्या आतली तार ओढून काढ आणि काचेवर बोटांनी लोळव. सरळ तार गुपचूप लोळते, वाकलेली टणटण उड्या मारते. तशी बदलायचीच, ठोकून सरळ होत नाही.

तार बरी असेल तर रॉकेलने धू, पुसून ग्रीसचा पातळ हात दे. मीटरकडचं वीतभर टोक मात्र कोरडंच! ग्रीस वर चढलं की मीटरच्या आत काटा फिरवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या वाटीपर्यंत जातं, मग काटा अडकतो. बसवताना वळणाची त्रिज्या 15 सेंटीमीटरपेक्षा कमी नको.

काटा हलतच नसेल तर तारेचं चौकोनी टोक झिजलंय का बघ. नटाचे आटे गेले असतील तर जुना नमुना घेऊन उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) लेथवाल्याकडे जा.