कोयनेकडे पहिलं एमटी स्टेशन लावताना

पहिल्या रात्रीचा डेटा खराब येणार, हे धरूनच चाल. एमटी म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक, जमिनीखालचे खडक वीज किती अडवतात (रोधकता) ते वरूनच मोजायची पद्धत. त्यात आपण जमिनीत करंट सोडत नाही; दूरवरच्या विजा आणि सौरवाऱ्याने हलणारं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, एवढ्यावरच भिस्त. १ हर्ट्झच्या आसपास तर सिग्नल अगदीच मरतुकडा. म्हणून इलेक्ट्रोड पुरायच्या खड्ड्यात जीव ओत.

तिथला जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो. बेंटोनाइटमध्ये (पाणी धरून ठेवणारी चिकणमाती) मिठाचं पाणी घालून भाकरीच्या पिठासारखा चिखल मळ, इलेक्ट्रोड त्यात रुतव, मगच माती ओढ. मल्टिमीटरने रोध बघ. फार दिसला तर पुन्हा खण, आळस नको. केबल वाऱ्याने हलता कामा नये, दर दोन पावलांवर दगड ठेव. (माझी एक केबल म्हशीने गोठ्यापर्यंत नेली होती.) विजेची लाइन आणि विहिरीवरचा पंप यांपासून लांब राहा. रिमोट रेफरन्स स्टेशन, म्हणजे गोंगाट गाळायला दूरवर त्याच वेळी नोंद घेणारं दुसरं स्टेशन, लावच.

खोलीचा अंदाज सोपा आहे: रोधकता गुणिले आवर्तनकाळ, त्याचं वर्गमूळ, गुणिले ५०० मीटर. १०० ओहम-मीटरच्या खडकात १०० सेकंदांचा सिग्नल ५० किलोमीटरपर्यंत जातो. मध्ये वाहक थर आला की हे गणित कोलमडतं. त्या थराची जाडी आणि वाहकता वेगवेगळी सुटत नाही, दोन्हींचा गुणाकारच तेवढा कळतो. शिवाय डेटावरून काढलेल्या जमिनीखालच्या मॉडेलमध्ये लाल, म्हणजे वाहक, पट्टा दिसला की लगेच ‘पाणी’ म्हणू नकोस. ग्रॅफाइटही तसंच दिसतं. कोयनेच्या एका बोअरहोलमध्ये सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइट लागला, मॉडेलचा वरचा भाग आधी त्याच्याशी ताडून बघ.