फूटपाथ असूनही सासूबाई रस्त्यावरून का चालतात?

प्रश्न : आमचा ले-आऊट प्रतापनगर भागात आहे. समोरचा चाळीस फुटी रस्ता सिमेंटचा झाला, दोन्ही बाजूंच्या फूटपाथवर गट्टूही (सिमेंटचे ठोकळे) बसवले. तरी माझ्या सासूबाई देवळात जाताना रस्त्यावरूनच चालतात. परवा एका दुचाकीचा त्यांना धक्का लागला. थोडक्यात निभावलं, पण त्या आता घराबाहेर पडायला घाबरतात. कोपऱ्यावरचे भाजीचे ठेले हटवा असं निवेदन आम्ही काही जणी मनपाला देणार आहोत. त्यात काय काय लिहावं?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ताई, निवेदन नक्की द्या, पण त्याआधी एक काम करा. सासूबाईंचा हात धरून घरापासून देवळापर्यंत चालत जा. सोबत टेप आणि वही घ्या. त्या जिथे जिथे फूटपाथवरून खाली उतरतील, तिथे थांबून कारण लिहा. उतरायला कशामुळे लागलं, एवढंच.

मी रस्त्यांच्या आखणीचं काम बरीच वर्षं केलं आणि नागपुरातले असे ले-आऊट पायी पाहिले. वहीत काय येईल, याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. सर्वांत जास्त वेळा येईल ते गेटासमोरचा उतार. प्रत्येक घराने आपली गाडी आत घ्यायला फूटपाथ फोडून रॅम्प केलेला असतो. प्लॉटची रुंदी चाळीस-पन्नास फूट, म्हणजे तेवढ्या अंतरावर एकदा उतरायचं आणि एकदा चढायचं. गुडघे दुखणारी बाई हे करणार नाही. तिला सपाट जागा हवी असते आणि गल्लीत सपाट असतो तो फक्त गाड्यांचा रस्ता. त्यानंतर येतील गट्टूंवर आडव्या लावलेल्या गाड्या, मग घरासमोर लोखंडी जाळी लावून केलेली बाग, मग विजेची डीपी (वितरण पेटी), विजेचा खांब आणि नालीवरची निघालेली फरशी. भाजीचा ठेला त्या यादीत आलाच तर अगदी खाली येईल.

हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण ही गोष्ट स्पष्ट बोलली गेली पाहिजे. आपल्या ले-आऊटमधले फूटपाथ मुख्यतः आपण घरमालकांनीच तोडले आहेत. जाळीतली जास्वंद कितीही सुंदर असो, ती जागा सार्वजनिक आहे आणि तिथून सासूबाईंनी चालायचं आहे.

रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस. तिच्या पादचारी सुविधांच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट दिली आहे. डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंचांच्या वर नको. यातल्या 'मोकळी' या अटीकडे लक्ष द्या. सहा फुटांत खांब, झाड आणि कचऱ्याची पेटी धरून चालत नाही. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींजवळून जाता याव्यात, असा तो हिशेब आहे.

चाळीस फुटांत हे बसतं का? बसतं. दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट दिले की अठ्ठावीस उरतात. एका बाजूला रस्त्याला समांतर गाड्या लावायला सात फूट ठेवा. उरलेल्या एकवीस फुटांत ये-जा करणाऱ्या दोन गाड्या आरामात जातात. दोन्ही बाजूंना गाड्या लावू द्यायच्या म्हटलं की मात्र हिशेब कोलमडतो, आणि त्याची किंमत नेहमी पायी चालणारा देतो. तुम्ही दहा घरं मिळून 'गाड्या एकाच बाजूला' एवढं जरी ठरवलंत, तरी कोणाच्याही मंजुरीची वाट न पाहता उद्यापासून फरक दिसेल.

गेटाच्या उताराचाही उपाय आहे. फूटपाथ एका पातळीत सलग जाऊ द्यायचा आणि गाडीने त्यावर चढायचं. त्यासाठी कडेच्या दगडालगत दीड-दोन फुटांचा छोटा उतार पुरतो, चालण्याची पट्टी सपाटच राहते. अडचण येते ती सिमेंट रस्त्यांमुळे. जुन्या डांबरावर नवा थर चढला आणि अनेक घरांची अंगणं रस्त्याच्या खाली गेली. पावसाचं पाणी गेटातून आत येतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. अशा ठिकाणी रस्त्याची पातळी ठरते तेव्हाच फूटपाथची आणि नालीचीही ठरायला हवी. तुमच्या भागात पुढचं काम निघेल तेव्हा त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून दाखवणारं रेखाचित्र, झोनच्या कार्यकारी अभियंत्याकडे आधीच मागा. दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. काँक्रीट पडल्यावर भांडून काही हाती लागत नाही.

आता ठेल्यांबद्दल. त्यांना हटवण्याची मागणी करू नका, असं मी आग्रहाने सांगते. रात्री साडेआठला क्लासवरून येणारी तुमची मुलगी ज्या कोपऱ्यावरून निर्धास्त चालते, तो कोपरा त्या ठेल्याच्या दिव्यामुळे आणि तिथे उभ्या असलेल्या चार माणसांमुळे सुरक्षित आहे. ठेले गेले की तिथे अंधार आणि उभ्या गाड्या येतात. शिवाय पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे. त्यानुसार विक्रीच्या जागा ठरवण्यात शहर विक्रेता समितीचा सहभाग असतो आणि त्या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच असावे लागतात. निवेदनात मागणी अशी ठेवा : पार्किंगच्या सात फुटी पट्टीतली कोपऱ्याजवळची जागा ठेल्यांना आखून द्यावी, चालण्याची सहा फुटी पट्टी मोकळी राहावी. अगदी वळणावर मात्र ठेला नको, तिथे गाडीवाल्याला रस्ता ओलांडणारा माणूस दिसला पाहिजे. भाजीवाल्या भाऊंनाही त्या निवेदनावर सही करायला बोलवा.

आणि एक वाक्य जरूर घाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा फूटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. सासूबाईंचं देवळात जाणं त्या हक्कात येतं.

प्रश्न : मुलांच्या शाळेसमोर ब्रेकर हवा म्हणून आम्ही पालक फिरतो आहोत. एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवतं. ब्रेकर मिळाला तर प्रश्न सुटेल का?
– एक पालक, मानेवाडा

उत्तर : कसा ब्रेकर आहे त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे घातले जाणारे अरुंद, उंच ब्रेकर कंबर मोडतात, आणि दुचाकीवाले ते चुकवायला कडेच्या फटीतून जातात. मुलं नेमकी त्याच कडेने चालत असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, असा पसरट गोलसर ब्रेकर दिला आहे. शाळेसमोर त्याहून चांगला उपाय म्हणजे उंचावलेलं झेब्रा क्रॉसिंग : पांढरे पट्टेच फूटपाथच्या पातळीवर आणायचे, दोन्ही बाजूंना उतार द्यायचा. मुलं सपाट चालतात आणि गाडीला हळू व्हावंच लागतं.

वेगाचा हट्ट मी का धरते ते सांगते. समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला असं धरा. ताशी ५० च्या वेगात तेवढ्यात गाडी जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते, ३० च्या वेगात सव्वाआठ. शिवाय ५० च्या धडकेतली ऊर्जा ३० च्या धडकेच्या पावणेतीनपट असते.

अर्ज मनपाच्या झोन कार्यालयाला आणि वाहतूक शाखेला एकाच वेळी द्या. दोन्हींची पोच घ्या आणि एकाची प्रत दुसऱ्याला जोडा. दरम्यान पालकांनी आपल्या गाड्या गेटापासून दीड-दोनशे मीटरवर थांबवून मुलांना तिथून चालवत न्यावं. शाळा सुटताना गेटासमोर जी कोंडी होते, ती बहुतेक आपल्याच गाड्यांची असते.

प्रश्न : निवृत्त आहे. खामल्याहून जयप्रकाशनगरच्या मेट्रो स्थानकापर्यंत चालत जाणं मला सहज जमतं, पण एप्रिल-मे मध्ये अशक्य होतं. यावर काही करता येईल का?
– एक ज्येष्ठ वाचक, खामला

उत्तर : काका, मे महिन्यात सकाळी नऊच्या आत किंवा सूर्यास्तानंतरच निघा. दुपारी चालण्याचा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

करता येण्यासारखं मात्र आहे. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे जवळजवळ थेट डोक्यावर येतो. भिंतीची, इमारतीची सावली तेव्हा पायाशीच संपते. चालणाऱ्याला डोक्यावर फांदीच हवी. कडुनिंब आणि करंज यांना ऐन उन्हाळ्यात नवी पालवी असते, म्हणून चालण्याच्या रस्त्यावर मला हीच झाडं पसंत आहेत. गुलमोहर मे मध्ये फुलतो सुरेख, पण सावली विरळ देतो आणि वादळात त्याच्या फांद्या लवकर मोडतात.

आहेत ती झाडं आधी वाचवा. बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा गट्टू भरले असतील तर ते काढायला सांगा. दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटविना ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता, अर्जात त्याचा दाखला देता येईल. तुमच्या वाटेवर सावली जिथे तुटते त्या जागांची नोंद करून मनपाच्या उद्यान विभागाला द्या. रोपं पावसात लागतात, तेव्हा अर्ज मे संपायच्या आत गेलेला बरा. आणि प्रत्येक रोपासमोरचं एक घर गाठून, पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घालण्याचं त्या घराकडून आधीच कबूल करून घ्या.