आजोबा तेच तेच सांगतात, तेव्हा विषय बदलू नका

मेलबर्नहून एका ताईंचे दोन पानी पत्र आले आहे. त्या लिहितात : "गेल्या मार्गशीर्षात माझी आजी गेली, वय अठ्ठ्याऐंशी. तिकीट मिळेपर्यंत सगळे आटोपले होते, अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले. आजी म्हणजे मायेचा सागर, आमच्या घराचा आधारवड होती, तिने कधी कुणाला दुखावले नाही. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि मुलगी आठ. त्यांना आजीविषयी सांगायला बसले की मला रडू येते आणि मुले गप्प होतात. तिची आठवण कशी जपू?" याखेरीज श्राद्धाची तिथी, आजीच्या पाटल्या आणि दिवाणखान्यातला फोटो असे आणखी तीन प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शेवटी थोडक्यात देते, कारण मला पहिल्या प्रश्नाविषयीच बोलायचे आहे.

ताई, घरून अवेळी फोन आला की पोटात कसा गोळा येतो, ते परदेशात राहणाऱ्या कुणालाच समजावून सांगावे लागत नाही. तुम्ही पोहोचू शकला नाहीत, याचा बोल स्वतःला लावू नका. विमानाची वेळ आणि मृत्यूची वेळ यांचा मेळ आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबी असतो. पण एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. दोन पानांच्या पत्रात तुमच्या रजेची हकीकत आहे, तिकिटाची आहे, भावाशी झालेल्या बोलाचालीची तर शब्दन् शब्द आहे, मात्र आजीचे नाव कुठेही नाही. सासरचे नाही आणि माहेरचेही नाही. मायेचा सागर, आधारवड, कुणाला न दुखावणारी, हे वर्णन माझ्याही आजीला लागू पडते आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या आजीला लागू पडते. मुले गप्प होतात ती तुमच्या रडण्यामुळे नव्हे. मायेच्या सागराविषयी आठ वर्षांच्या मुलीने विचारावे तरी काय?

तुमच्या पत्रात खरी आजी दोनच वाक्यांत भेटते, आणि ती दोन्ही तुम्ही जाता जाता लिहिली आहेत. पहिले : "तशी ती जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे शिक्षिका होती." दुसरे : "आजोबा एक्क्याण्णव वर्षांचे आहेत, एकटे पडलेत, सारखे तिच्या आटपाडीच्या बदलीचेच तेच तेच सांगतात, मग आम्ही विषय बदलतो."

विषय बदलू नका. तुमच्या आजीच्या आयुष्याचा सर्वांत जवळचा साक्षीदार रोज स्वतःहून साक्ष द्यायला बसतो आहे आणि तुम्ही त्याला हवापाण्याचे विचारता आहात! म्हातारी माणसे जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, तिच्यात त्यांचे काहीतरी अडकलेले असते. ती गोष्ट मोडून न काढता तिच्याच आत शिरून प्रश्न विचारला, तर चौथ्यांदा सांगताना एखादे नाव, एखादे घर, एखादी भीती बाहेर येते, जी पहिल्या तीन वेळांत आलेली नसते.

तुम्ही दिलेल्या वयावरून आजीचा जन्म १९३७ च्या आसपासचा धरला, तर त्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस नोकरीला लागल्या असाव्यात. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या, म्हणजे त्यांची पहिली नेमणूक कदाचित त्याआधी प्राथमिक शाळा चालवणाऱ्या जुन्या स्कूल बोर्डाची असेल. आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो तो १९४९ पासून काही वर्षे दक्षिण सातारा होता, त्यामुळे ट्रंकेतल्या सर्वांत जुन्या कागदावर सांगलीचे नाव नसले तर तो कागद दुसऱ्या कुणाचा म्हणून बाजूला टाकू नका. आता मला सांगा, त्या काळात सातवीची फायनल पास झालेली एक तरुण बाई आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यात बदलीवर गेली, तेव्हा तिला खोली कुणी दिली? पाणी कुठून आणत होती? तुमचे वडील तिच्या कडेवर होते की आजोबांजवळ मागे राहिले होते? १९७२ च्या दुष्काळात त्या भागातली माणसे खडी फोडायला गेली, दुष्काळी कामांवर सुकडी, म्हणजे कोरडे पौष्टिक खाणे, वाटली गेली. त्या वर्षी आजी तिथे असतील, तर वर्गात किती पोरे उरली होती? आजोबा ज्या बदलीचे तेच तेच सांगतात, ती बदली बहुधा या प्रश्नांनी भरलेली आहे.

कागदही शोधा. सरकारी शिक्षकाचे सेवापुस्तक असते, आणि त्याची दुय्यम प्रत पुष्कळ शिक्षक स्वतःजवळ बाळगून असत. त्याच्या पहिल्या पानावर कर्मचाऱ्याची उंची, अंगावरची ओळखीची खूण आणि बोटांचे ठसे असतात, पुढे प्रत्येक नेमणूक, प्रत्येक बदली, प्रत्येक वेतनवाढ तारखेनिशी येते. तुमच्या मुलीला पणजीच्या बोटांच्या ठशांवर स्वतःची बोटे ठेवून पाहू द्या, मग ती गप्प राहते का बघा. दुसरा कागद आजीच्या शाळांतला, तो म्हणजे जनरल रजिस्टर, शाळेत नाव घातलेल्या मुलांची नोंदवही. आपल्या आईवडिलांच्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण पहिलीत नाव घालताना आईबापांना जन्मतारीख सांगता येत नसे आणि मास्तर किंवा बाई १ जून लिहून मोकळे होत. आटपाडी तालुक्यात आज साठी ओलांडलेली अशी माणसे असतील, ज्यांची आधार कार्डावरची जन्मतारीख तुमच्या आजीने ठरवली आहे. त्यांच्यापैकी एक जरी सापडला, तरी आजी वर्गात कशी उभी राहायची, छडी वापरायची की नाही, हे तुम्हाला घरातल्या कुणापेक्षा तो नीट सांगेल.

हे मी पोथीतले सांगत नाही. माझ्या आत्याची लालबागला खानावळ होती. ती गेली तेव्हा आमच्या घरातही "तिच्या हातची आमटी" यापलीकडे कुणी काही बोलत नव्हते. तेरावे झाल्यावर माझ्या थोरल्या आतेभावाने तिची लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची वही उघडली. डावीकडे जेवणाऱ्यांची नावे, पुढे गाव, गिरणी, पाळी आणि महिन्याची रक्कम. एका खोलीत ती गिरणीतल्या कोकणच्या आणि घाटावरच्या माणसांना पाळीप्रमाणे जेवू घालत होती, वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज अंगावर घेऊन. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बायकांचे गट करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. आत्या त्या सुरुवातीच्या कर्जदारांपैकी होती, हे तिच्या सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्या महिन्यापासून वहीतला रकमेचा रकाना कोरा होत जातो. नावे मात्र तशीच पुढच्या पानावर येत राहतात.

आतेभावाने त्या नावांमधली माणसे शोधून काढली. संगमेश्वरकडचे एक काका, साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते, ते फोनवर म्हणाले, "मावशीनं संपात कुणाला उठवलं नाही. भाकऱ्या कमी झाल्या, पण पहिली कमी झाली ती तिच्या स्वतःच्या ताटातली." आतेभावाने ते बोलणे नोंदवून ठेवले आणि आम्हा सगळ्या भावंडांना पाठवले. टोरांटोत वाढलेली, मराठी अडखळत वाचणारी माझी मुलगी ते ऐकून लगेच विचारती झाली की पैसे न देणाऱ्यांना आत्याआजीने का जेवायला घातले, तिला भीती वाटली नाही का, आणि मग त्या माणसांचे पुढे काय झाले. तीन प्रश्न एका दमात! ती आत्याला कधी भेटलेली नाही. तरी आमच्या घरी आज आत्याविषयी सर्वांत जास्त तीच बोलते.

तेव्हा या आठवड्यात बसा. तुम्ही मेलबर्नला आहात, तुमची दुपार ही आजोबांची सकाळ असते, आणि एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाचे डोके चहानंतर दोन तास उत्तम चालते. आम्हा अमेरिकेकडच्यांना त्यासाठी रात्र जागवावी लागते. शेजारी वहिनी किंवा भाचा कुणीतरी बसवा, म्हणजे फोन नीट धरला जाईल आणि ऐकू न आलेला प्रश्न पुन्हा सांगता येईल. बोलणे नोंदवून घेते आहे, हे त्यांना आधी सांगा, त्यांनाही बरे वाटेल. "आजी कशी होती?" असे विचारू नका. या प्रश्नाला "फार चांगली होती" याहून दुसरे उत्तर येत नाही आणि त्या माणसाचे डोळे मात्र भरून येतात. खोलीची दारे किती होती, पगार कोणत्या तारखेला हातात पडायचा, तिने पहिल्या पगाराचे काय घेतले, रात्री वह्या तपासायला कंदील होता की दिवा, असे हाताला लागणारे विचारा. एका वेळी अर्धा तास पुरे. मुलाच्या तोंडूनही प्रश्न येऊ द्या, त्याचे मराठी मोडके असले तरी पणजोबा ते समजून घेतात. नोंदवलेले बोलणे व्हॉट्सॲपवर सोडून देऊ नका, फोन बदलला की ते हरवू शकते. तारीख आणि नाव घालून ते दोन ठिकाणी साठवा. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्या, बॉलपेनने नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आजीच्या बरोबरच्या शिक्षिका आज ऐंशीच्या पुढे असतील, त्यांचे फोन नंबर आजोबांच्या डायरीत असण्याचा संभव आहे, आणि हे काम दिवाळीच्या सुट्टीवर ढकलण्यासारखे नाही.

आजीच्या माहेरच्यांकडे तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या कुणाच्या तोंडी असल्या तर त्याही घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांचीही नोंद ठेवली. म्हणून त्या बायका आज नावानिशी आपल्याला माहीत आहेत. तुमच्या भागात हेळवी येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो, त्याचे मला मोठे कौतुक आहे, पण आजीच्या आटपाडीच्या खोलीचे भाडे त्याच्या वहीत मिळणार नाही. ते आजोबांजवळच आहे.

आता उरलेले प्रश्न. श्राद्ध मेलबर्नच्या तिथीने करावे की भारतातल्या? तुम्ही जिथे राहता तिथल्या पंचांगाने करा. सूर्योदय वेगळा असल्यामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो, त्यात वावगे काही नाही. आजोबा हयात असताना आजी गेल्या, म्हणून पितृपक्षात त्यांचा दिवस अविधवा नवमीचा, तो वर्षश्राद्धानंतरच्या भाद्रपदापासून, आपल्या घरच्या रीतीप्रमाणे. पाटल्या भावाने वहिनीला परस्पर द्यायच्या ठरवल्या, याचा तुम्हाला राग आला आहे. आजोबा बसलेले असताना त्या पाटल्यांविषयी ठरवणारे तुम्हीही नाही आणि भाऊही नाही. त्यांना विचारा आणि ते म्हणतील तसे होऊ द्या. फोटोविषयी तुमच्या यजमानांचे म्हणणे मला पटते, हार घातलेला पासपोर्टचा मोठा केलेला चेहरा दिवाणखान्यात लहान मुलांना जड जातो. तो देवघराजवळ ठेवा, आणि दिवाणखान्यात आजीचा शाळेच्या पायरीवर मुलांबरोबर बसलेला एखादा फोटो मिळतो का, ते आजोबांना पुढच्याच फोनमध्ये विचारा.