दवाखान्याची 14 वर्षं इंग्लंडमध्ये कशी मोजतात

डॉक्टर, तुम्ही विचारलंत की एमबीबीएसनंतर संगमनेरला 14 वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलाय, आता इंग्लंडला जीपी (तिथला फॅमिली डॉक्टर) म्हणून यायचंय, तर हा अनुभव धरतात का? पेशंट तपासताना तो पदोपदी कामी येईल. कागदावर मात्र त्याची किंमत फार थोडी.

इथे डॉक्टरकी करायला आधी जीएमसीची, म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते. तिच्यासाठी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस (एकूण 7.5, प्रत्येक भागात किमान 7) किंवा ओईटी, मग प्लॅब या परदेशी डॉक्टरांसाठीच्या परीक्षेचे दोन भाग. पहिला 180 प्रश्नांचा, तो भारतात देता येतो. दुसरा पेशंट तपासून दाखवण्याचा, त्याला मँचेस्टरलाच यावं लागतं. अभ्यासाची सवय मोडली असेल, तरी हे तुम्हाला जड नाही. एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं) गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्यावर कारवाई नसल्याचा दाखला, तीनच महिने चालतं, तेव्हा ते अगदी शेवटी काढा.

पण नोंदणी झाली म्हणजे जीपी झालात असं नाही. त्यासाठी जीपी रजिस्टरवर नाव लागतं, आणि त्याचा रुळलेला रस्ता म्हणजे 3 वर्षांचं ट्रेनिंग आणि एमआरसीजीपी ही जीपींची परीक्षा. अनुभवाच्या जोरावर अर्ज करायचा पोर्टफोलिओ पाथवेही आहे, पण तिथे इथल्या अभ्यासक्रमाच्या तोडीचे पुरावे मागतात: ऑडिट (स्वतःच्या कामाची पद्धतशीर तपासणी), केसची टिपणं, सहकाऱ्यांचे अभिप्राय. आपल्याकडे फाइल पेशंटच घरी घेऊन जातो, पुरावे आणणार कुठून?

ट्रेनिंगच्या अर्जातही एक मेख आहे. तुम्ही ट्रेनिंगला तयार आहात हे दाखवणारा क्रेस्ट नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर सही हवी ती ज्याच्यासोबत तुम्ही गेल्या साडेतीन वर्षांत सलग किमान 3 महिने काम केलंय अशा वरिष्ठ डॉक्टरची. स्वतःच्या दवाखान्यात तुमच्यावर वरिष्ठ कोण? कंपाउंडर? म्हणून प्लॅबचा अभ्यास चालू असतानाच तिकडच्याच एखाद्या ट्रस्ट हॉस्पिटलात किंवा सिव्हिलला फिजिशियनच्या हाताखाली काही महिने काम करा, आणि सही मागणार असल्याचं त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. दवाखाना मात्र लगेच विकू नका. ट्रेनिंगच्या जागांसाठी अर्ज बेसुमार वाढलेत आणि सरकारचा कल इथल्याच पदवीधरांना आधी घेण्याकडे आहे. नोंदणीनंतर ट्रेनिंग मिळेपर्यंतची एकदोन वर्षं इथल्या हॉस्पिटलात ज्युनियर म्हणून, विशीपंचविशीतल्या पोरांबरोबर नाइट ड्यूट्या कराव्या लागतील. चाळिशीत ते अंगावर येतं, आणि तीही नोकरी आता सहज मिळत नाही.

कामाची तऱ्हाही वेगळी. साधारण 10 मिनिटांत पेशंटचं ऐकायचं, तपासायचं, सगळं कॉम्प्युटरवर लिहायचं. सर्दीला इंजेक्शन नाही, अशक्तपणाला सलाइन नाही, रेफर केल्याचं कमिशन नाही. पेशंटला काय वाटतंय, कशाची भीती आहे, हे विचारून मग त्याच्यासोबत उपचार ठरवायचे. ‘मी सांगतो ते घ्या’ म्हणणारा अनुभवी डॉक्टर प्लॅबच्या दुसऱ्या भागात अडखळतो तो इथेच.

तुमचे बीएएमएस मित्रही सोबत यायचं म्हणताहेत. त्यांना मात्र आत्ताच स्पष्ट सांगा, कोणा एजंटला पैसे भरण्याआधी: त्या पदवीवर जीएमसीची नोंदणी होत नाही, मग प्रॅक्टिस कितीही वर्षांची असो.