व्हीललॉक पिस्तुलाची चालती प्रतिकृती

प्रश्न : सोळाव्या शतकातील व्हीललॉक पिस्तुलाची प्रत्यक्ष चालणारी प्रतिकृती सहज का मिळत नाही?

उत्तर : बाजारातील बहुतेक प्रतिकृती शोभेच्या असतात, चकमकीच्या (गारगोटीने ठिणगी पाडणाऱ्या) बंदुकीच्या चालत्या प्रती त्या मानाने पुष्कळ मिळतात. व्हीललॉकमध्ये किल्लीने पिळलेली कमान (स्प्रिंग) चाप ओढताच दातेरी पोलादी चाक वेगाने फिरवते आणि त्यावर टेकलेल्या पायराइट या खनिजातून ठिणग्या पडून रंजक, म्हणजे बार पेटवणारी बारीक दारू, पेटते. चाक, साखळी व कमान यांचा मेळ हातानेच बसवावा लागत असल्याने कुशल कारागिराकडे मागणी नोंदवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. चाक खरोखर फिरते का, हे आधी पाहावेच. चालती प्रत मात्र बंदूकच ठरते. भारतात तिला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. अस्सल नमुने ऑस्ट्रियातील ग्राझच्या शस्त्रागारात अवश्य पाहावेत.