स्वमग्न प्रौढांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थेला अनुदान कसं मिळवता येईल?

फक्त 'ऑटिझम' या नावाने निधी शोधत बसू नका. त्या नावाखालचा बराचसा पैसा संशोधनाकडे आणि लहान मुलांच्या निदान-थेरपीकडे जातो. रोजगार, निवास, मानसिक आरोग्य यांसाठी अनुदान देणाऱ्या फाउंडेशनांकडेही अर्ज करा. तुमचं काम तिथे चपखल बसतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम १९ (समाजात स्वतंत्रपणे राहणं) आणि कलम २७ (काम व रोजगार) यांचा आधार जरूर घ्या.

प्रस्ताव मोघम नको. 'सक्षमीकरण करू' असं लिहिण्यापेक्षा 'आठ जणांना एकट्याने बसने कामावर जाता यावं म्हणून पहिले तीन महिने एक सोबती त्यांच्याबरोबर प्रवास करेल' असं लिहा. त्या सोबत्याचा पगार बजेटमध्ये पूर्ण दाखवा, कारण या कामात मोठा खर्च माणसांचाच असतो. भाडं, हिशेबनीसाचं मानधन हेही लपवू नका.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: कार्यक्रम आखताना स्वमग्न प्रौढांनाच विचारलंय का? पालक आणि तज्ज्ञ त्यांच्या वतीने बोलतात, तेवढं पुरेसं नाही. कार्यकारी मंडळात त्यांना घ्या. बैठकीचा अजेंडा आधी लेखी पाठवा, बोलण्याऐवजी लिहून मत द्यायची मुभा ठेवा. निधी देणाऱ्याने विचारलं नाही, तरीही.