वाचकांचे प्रश्न : छागला नक्की कोण? प्रोफेसर, जज, मंत्री की राजदूत?

प्रश्न : माझी मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढे शिकवायचंय. घरात सगळे म्हणतात प्रोफेसर झालीस की संपलं, पुढे काही नाही. मागे तुम्ही न्या. छागलांचं नाव घेतलं होतं, ते म्हणे आधी प्रोफेसर आणि नंतर मंत्री, राजदूत. खरं का हे? (एक आई, सांगली)

उत्तर : अगदी खरं ताई, आणि विषय काढलात ते फार बरं केलंत, हल्ली त्यांचं नाव वकील मंडळींच्या बाहेर फारसं कोणी घेत नाही. महमदअली करीम छागला, जन्म १९०० चा, पक्के मुंबईकर. घराण्याचं आडनाव मर्चंट, पण पैशाच्या व्यवहाराशी जोडलेलं ते नाव त्यांना नकोसं वाटायचं म्हणून छागला घेतलं, कच्छीत त्याचा अर्थ लाडका असा काहीसा. ऑक्सफर्डला इतिहास शिकले, बॅरिस्टर होऊन १९२२ ला परत आले, जिनांच्या चेंबरमध्ये जाऊ लागले, तरी सुरुवातीची कितीतरी वर्षं हातात ब्रीफ, म्हणजे लढवायला केसेस, येत नव्हत्या. अशात १९२७ ला गव्हर्नमेंट लॉ कॉलेजमध्ये प्रोफेसर म्हणून लागले आणि पुढच्याच वर्षी तिथे शिकवायला कोण आलं तर बाबासाहेब आंबेडकर! म्हणजे बघा, एकाच कॉलेजात, त्याच वर्षांत, एका वर्गात देशाचा होणारा पहिला कायदामंत्री शिकवतोय आणि दुसऱ्या वर्गात मुंबई हायकोर्टाचा होणारा चीफ जस्टिस. घरच्यांना एवढं तरी नक्की सांगा.

माझं स्वतःचं मत असं की त्या शिकवण्याचा उपयोग त्यांना जन्मभर झाला. जज असताना निकाल राखून ठेवायची त्यांना सवयच नव्हती, दोन्ही बाजूंचं बोलणं संपलं की तिथंच भर कोर्टात निकाल सांगायला सुरुवात, समोर स्टेनो उतरवून घेतोय, पक्षकार ऐकतोय, आणि घरी जाताना त्याला कळलेलं असायचं की आपलं काय झालं आणि का झालं. आज तारखांवर तारखा घेणाऱ्या माणसाला विचारा याची किंमत.

प्रश्न : जज असलेला माणूस एकदम राजदूत कसा होतो? ओळखीपाळखी असणार ना? (एक विद्यार्थी, संभाजीनगर)

उत्तर : एकदम नाही झाले हो. १९४१ ला हायकोर्टाचे जज झाले, १९४७ पासून ११ वर्षं चीफ जस्टिस. मधे १९४६ ला युनोत गेलेल्या भारताच्या शिष्टमंडळात होते, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा प्रश्न तिथे मांडला गेला. नंतर दादरा-नगर हवेलीची केस. १९५४ ला तो भाग पोर्तुगीजांकडून सोडवला, त्या लढ्यात आपले सुधीर फडके पण होते हे ठाऊक असेलच, तर पोर्तुगालनं भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि त्या केसपुरते भारताच्या बाजूचे जज म्हणून छागला तिथे बसले. म्हणजे परदेशात जाऊन देशाचं म्हणणं कायद्याच्या भाषेत कसं मांडतात याचा अनुभव आधीपासूनच होता.

आणि ओळखीचं म्हणाल तर १९५८ चं मुंदडा प्रकरण वाचा. एलआयसीचा पैसा हरिदास मुंदडाच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये घातला गेला, फिरोज गांधींनी संसदेत आवाज उठवला, चौकशीला एकट्या छागलांचा आयोग नेमला. त्यांनी चौकशी लोकांसमोर, उघड घेतली, काही आठवड्यांत रिपोर्ट दिला, आणि नेहरूंचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. सरकारला इतकं अडचणीत आणणाऱ्या माणसाला त्याच वर्षी नेहरूंनी अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं! मला यात छागलांइतकंच नेहरूंचंही मोठेपण दिसतं. पुढे १९६२ ला लंडनला हायकमिशनर, म्हणजे तिथले राजदूतच, आणि १९६३ ला थेट शिक्षणमंत्री. देशाच्या शिक्षणाची घडी कशी असावी हे सुचवणारा कोठारी आयोग त्यांच्याच काळातला. शिक्षणमंत्री असूनही १९६४ ला काश्मीरवर सुरक्षा परिषदेत बोलायला त्यांनाच पाठवलं, समोर पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री भुत्तो होते.

प्रश्न : पण ते आपल्या भाषांच्या विरोधात होते ना? त्यावरूनच मंत्रिपद गेलं असं ऐकलंय. (एक शिक्षक, बेळगाव)

उत्तर : गेलं नाही सर, त्यांनी सोडलं. नोव्हेंबर १९६६ पासून परराष्ट्रमंत्री होते, सप्टेंबर १९६७ मध्ये राजीनामा दिला. विद्यापीठांत सगळीकडे थोड्या वर्षांत प्रादेशिक भाषा माध्यम करायची असं सरकारचं धोरण ठरत होतं, त्यांचं म्हणणं की एवढी घाई केलीत तर देशभरातल्या विद्यापीठांना जोडणारा धागाच तुटेल. मला स्वतःला मराठीतून उच्च शिक्षण व्हावं असं मनापासून वाटतं, त्यामुळे या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा नाही. पण खातं परराष्ट्राचं, वाद शिक्षणाचा, गप्प बसले असते तर कोणी काही म्हणालं नसतं. पटलं नाही म्हणून खुर्ची सोडली. १९२८ ला नेहरू रिपोर्टवरून, म्हणजे मोतीलाल नेहरूंच्या समितीनं केलेल्या राज्यघटनेच्या मसुद्यावरून, जिनांपासून असेच दूर झाले होते, आणि जिना म्हणजे ज्यांच्या चेंबरमध्ये वकिली शिकले ते. आणीबाणीतही तेच, वय ७५, सरळ उभं राहून विरोधात बोलले.

प्रश्न : मुंबईत त्यांची आठवण म्हणून काही बघायला मिळेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हायकोर्टाच्या इमारतीत त्यांचा पुतळा आहे, ते जिथे बसायचे त्या चीफ जस्टिसच्या कोर्टाबाहेर. पण मी म्हणेन आधी टिळकांच्या खटल्याच्या दालनाबाहेरची पाटी बघा. १९०८ ला राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीनं दोषी ठरवल्यावर टिळक जे बोलले, की ज्युरी काहीही म्हणो मी निर्दोष आहे आणि माणसांचं, राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत, ते शब्द त्या पाटीवर कोरलेत. टिळकांच्या जन्मशताब्दीला, १९५६ मध्ये, ती पाटी उघडली छागलांनी, चीफ जस्टिस म्हणून. या कोर्टानं देशाच्या थोर सुपुत्राला जो त्रास दिला त्याचं प्रायश्चित्त घ्यायला आलोय, असं त्या दिवशी ते म्हणाले होते. पाटीपुढे जरा थांबा आणि ज्या कोर्टानं सहा वर्षांची शिक्षा दिली त्याच कोर्टाचा मुख्य न्यायाधीश तिथे उभा राहून हे बोलतोय असं डोळ्यांसमोर आणा, माझ्या तर दरवेळी अंगावर काटा येतो.